पुष्पलताबाईंनी यंत्र राखिले त्याची हकीकत

श्री. मुक्काम नागपूर, तर्फ सिव्हिल लाइन्स. विदर्भ धान व संत्रा सहकारी महासंघाच्या दफ्तरी, शके १९०९ प्रभवनाम संवत्सरी, वैशाखाच्या उन्हात जे रण माजले, त्यात मनुष्य कोणी पडला नाही, घोडे कोणाचे जायबंदी जाहले नाहीत, परंतु चौदा असामी आपापल्या जागी शर्थीने लढले आणि एक बाई पुरती पेचात सापडली. ही हकीकत मागील लोकांनी विसरू नये आणि पुढील लोकांनी तीच चूक नव्या दिमाखाने करावी, या हेतूने जसे घडले तसे लिहिले असे. कमी लिहिले ते भयास्तव आणि जास्त लिहिले ते आवडीस्तव, हे वाचणाराने समजून घ्यावे.

त्याचा मजकूर ऐसा. महासंघाचे व्यवस्थापक, अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री रुपरावजी साहेब, हे हिवाळ्यात पुण्यास परिषदेस गेले होते आणि तेथे त्यांच्या दृष्टीस एक संगणक यंत्र पडले, आणि ते यंत्र मध्यभागी बसून चहूकडच्या काचांवर एकाचा मजकूर दुसऱ्यास दाखवी, चौघांस एकच मसुदा दुरुस्त करू देई, आणि शिपायास जागचे हलू देत नसे. मग साहेबांच्या मनी आले की आपल्या दफ्तरी पहिल्या मजल्यावरील खलिता दुसऱ्या मजल्यास पोहोचण्यास नऊ दिवस लागतात, तेवढ्या मुदतीत रामटेकचे धान येऊन, भरडून, शिजवून, खाऊनही होते, सबब हे यंत्र आणावे. साहेबांच्या मनी आले म्हणजे ते अर्धे झालेच आणि उरलेले अर्धे दुसऱ्यांनी करावयाचे, ऐसा त्या दफ्तराचा शिरस्ता होता.

मग यंत्र आले. उंचीने कमरेइतके, रंगाने करडे, पोटातील चकतीवर चार कोट अक्षरे मावतील ऐसे, आणि त्यास जोडलेल्या काचा आठ. यंत्रास बाळबोध लिपी येत नव्हती, सबब मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहावा लागे, आणि जुने कारकून तो प्रथम मोठ्याने म्हणून पाहत, मग त्यांस अर्थ लागे. विकणाऱ्या कंपनीने बजावले की यास उष्मा सोसत नाही, त्यावरून तळमजल्यावरील जुनी कोठी रिकामी करून तेथे यंत्र व दोन काचा ठेविल्या आणि भिंतीत शीतयंत्र बसविले. सबंध इमारतीत थंड जागा ती एकच. खुद्द साहेबांच्या दालनात वाळ्याचा कूलर होता आणि तो वाऱ्यापेक्षा चिलटे अधिक देत असे.

करारात एक कलम मोठे विखारी होते. यंत्र सलग तीस दिवस न पडता चालले तर महासंघाने ठेवावे, न चालले तर कंपनीच्या पुण्याच्या थोरल्या कचेरीने उचलून न्यावे, आणि याकामी तीनच वेळा प्रयत्न करावा. ते वाचून साहेबांनी मान डोलाविली आणि विचारले की यंत्र राखणार कोण, तेव्हा चौदाही विभागांच्या प्रमुखांस एकाच वेळी खोकला आला. मग टंकलेखन विभागातून पुष्पलता सोनकुसरे यांस बोलाविणे गेले.

पुष्पलताबाई उमरेडच्या, कोष्ट्याची लेक. वडील शालिकरामजी यांनी हातमागावर जन्म काढला, परंतु दोन वर्षांमागे डोळ्यांस धागा दिसेनासा जाहला, मग माग उभा राहिला आणि घर बाईंच्या नोकरीवर चालू लागले. नोकरी चार वर्षांची, तीही हंगामी. दर सहा महिन्यांनी एक दिवस घरी बसवून पुन्हा नेमावे, ऐसा प्रघात. बाई रोज पहाटेच्या एसटीने उमरेडाहून येत आणि अंगावर अर्धा रस्ता घेऊन दफ्तरी हजर होत. त्यांनी कंपनीच्या तीन आठवड्यांच्या वर्गात सर्व विद्या वहीत उतरवून घेतली, आणि परत येताच त्यांच्या हाती नेमणुकीचा कागद पडला, त्यात लिहिले होते की सदर यंत्र कार्यरत असेतोवर सदर इसमाची नेमणूक असे. म्हणजे यंत्र पुण्यास गेले तर बाई उमरेडास गेल्या. त्या कागदाची घडी करून त्यांनी पिशवीत ठेविली आणि त्या दिवसापासून यंत्राच्या श्वासाकडे कान लावून बसल्या.

पहिली मोहीम अकराव्या दिवशी फसली. आठही काचा एकदम थिजल्या आणि मुख्य काचेवर अक्षरे उमटली की जागा शिल्लक नाही. कंपनीचे अभियंते ताराचंदजी स्कूटरवरून आले, त्यांनी विजेस दोष दिला, तारा बदलल्या, चकती कोरी करून यंत्र पुन्हा चालू केले आणि चहा घेऊन गेले. दुसरी मोहीम सोळाव्या दिवशी फसली. ताराचंदजी पुन्हा आले, या खेपेस त्यांनी धुळीस दोष दिला, पुन्हा चकती कोरी केली आणि पुन्हा चहा घेतला. बाईंनी विचारले की जागा कोणी खाल्ली ते न पाहता पुसता कैसे, तेव्हा ते हिंदीत बोलले की मॅडम, मशीन है, कभी कभी हो जाता है. मग स्कूटर सुरू जाहली.

आता गोपाळरावांचे वृत्त सांगणे प्राप्त. आवक-जावक शाखेचे मुख्य लिपिक गोपाळराव, सर्वजण त्यांस बडेबाबू म्हणत. तीस वर्षे दफ्तरातील एकूणएक कागद त्यांच्या हाताखालून गेला, त्यावर क्रमांक पडला, शिक्का पडला, आणि मगच तो कागद म्हणविला गेला. यंत्र आले आणि खलिते त्यांच्या डोक्यावरून तारेतून जाऊ लागले. तेवढे बडेबाबूंनी सोसले. परंतु दोनदा चकती कोरी जाहली हे ऐकून ते संतापले, की तीस वर्षांत माझ्या दफ्तराचा एक कागद हरवला नाही आणि हा स्कूटरवाला येऊन दोनदा सगळे दफ्तर जाळून गेला. मग त्यांनी फर्मान लिहिले की यंत्रातील लेख हा दफ्तरी लेख होय; लेख-नाशन समितीच्या मंजुरीवाचून जो कोणी तो पुसेल, त्याची हंगामी नेमणूक त्याच दिवशी संपुष्टात यावी. समिती वर्षातून एकदा, मार्चात बसे. साहेबांनी न वाचता सही केली, कारण त्या वेळी कूलरचे पाणी संपले होते आणि त्यांचे लक्ष तिकडे होते.

मग वैशाखात तिसरी आणि अखेरची मोहीम सुरू जाहली. नागपुरावर सूर्याने ऐसा मारा धरला की डांबर चपलांस चिकटू लागले, आणि दफ्तरातील लोकांस यंत्राविषयी एकाएकी प्रेम उत्पन्न जाहले. लेखा शाखेचे येत आणि म्हणत यंत्राची प्रकृती कैसी आहे. धान शाखेचे येत आणि खुर्चीच आणत. दुपारी सर्वांचे डबे कोठीत उघडत, आणि लोणच्याचे तेल, ठेच्याचा ठसका व संत्र्याच्या सालींचा ढीग यंत्राच्या पायाशी जमे. दारावर शिपाई देवाजी यास बसविले होते. तो पूर्वी खलिते वाहत असे आणि आता बेकार जाहल्याने दार राखी. तो बाईंस म्हणाला, "बाई, हे लोकं यंत्र पाहाले नाई येऊन राहिले. थंडी खाले येऊन राहिले." हे बाईंस ठाऊक होते. परंतु एकोणिसाव्या दिवशी कोणाची ताकाची वाटी यंत्रावर लवंडता लवंडता राहिली, तेव्हा बाईंचा धीर सुटला आणि त्यांनी साहेबांस विनंती केली की डब्यांस मनाई करावी. साहेबांनी तात्काळ यंत्रावरूनच फर्मान सोडले की यंत्रकक्षात कोणीही अन्न खाऊ नये, हे चौदाही प्रमुखांनी पाहावे. बाईंस वाटले, आता संकट टळले. संकट तेव्हाच सुरू जाहले, आणि ते त्यांनी स्वतः हाक मारून बोलाविले होते.

कारण दफ्तराचा जुना रिवाज ऐसा, की फर्मान आले तर त्याच्या खाली 'पाहिले' लिहून, मूळ कागद सोबत जोडून, ते सर्वांस कळवावे. कागदावर हे सोपे, चौदा सह्या झाल्या की कागद दमून थांबतो. यंत्रास थांबणे ठाऊक नाही. चौदा प्रमुखांनी 'पाहिले' लिहून, फर्मान सबंध जोडून, चौदांस धाडले, त्याचे एकशे शहाण्णव खलिते जाहले. मग प्रत्येकास चौदा नवे खलिते आलेले दिसले, आणि आलेला खलिता पाहिल्याचे कळविणे हे कर्तव्यच, सबब त्यांनी 'पाहिले' हे पाहिल्याचे कळविले, त्याचे दोन हजार सातशे चव्वेचाळीस जाहले. शिवाय डबा आणण्यास मनाई होती, कर्तव्यास नव्हती. कोठीतील दोन काचांपुढे रांग लागली आणि एकेक प्रमुख स्वतः जातीने येऊन, शीतयंत्राच्या झोतात बसून, सावकाश, एका बोटाने, 'पाहिले' लिहू लागला. ऐसी कर्तव्यदक्षता त्या दफ्तरी पूर्वी कोणी पाहिली नव्हती.

चोविसाव्या दिवशी सकाळी बाईंनी वहीतली आज्ञा देऊन चकतीची जागा पाहिली. शंभरात चार हिस्से उरली होती. मग त्यांनी या खेपेस कोणास हाक मारली नाही, आपणच यंत्रातील एकेकाची खलित्यांची पेटी उघडून जागा कोणी खाल्ली ते पाहिले, आणि जेथे पाहावे तेथे एकच मजकूर, यंत्रकक्षात अन्न खाऊ नये, आणि त्याखाली पाहिले, पाहिले, पाहिले. त्यांनी वहीच्या मागल्या पानावर गुणाकार मांडला. चालू फेरा पुरा होईतो अडतीस हजार चारशे सोळा खलिते होणार होते, आणि इतकी जागा त्या चकतीत तर सोडाच, बाईंच्या कल्पनेतही नव्हती. मागल्या दोन मोहिमांस वीज व धूळ नव्हे, शिमग्याच्या सुटीचे व उन्हाच्या छत्र्या विसरण्याचे परिपत्रक भोवले होते, हेही तेव्हाच उमगले.

बाईंनी ताराचंदजींस फोन लाविला. त्यांनी हुकूम केला की सब उडा दो मॅडम, दो मिनट का काम है. मग फोन ठेवून बाई स्वस्थ बसल्या. पुसावे तर बडेबाबूंच्या फर्मानाने नोकरी आजच जाते. न पुसावे तर दोन दिवसांत यंत्र पडते आणि त्याच्यामागून नोकरी जाते. बाईंस बापाची आठवण जाहली, की तो सकाळी एसटीपर्यंत चाचपडत पोचवायला येतो आणि रोज विचारतो, यंत्र बरे आहे ना. त्या शीतयंत्रापुढे बसल्या होत्या तरी त्यांस घाम फुटला होता.

साहेबांकडे जाण्यात हशील नव्हते, पुसण्यास मनाई आणि डब्यांस मनाई, ही दोन्ही फर्माने साहेबांच्याच नावे निघाली होती आणि ती दोन्ही त्यांस आठवत नव्हती. मग बाई तडक दुसऱ्या मजल्यावर बडेबाबूंच्या मेजापाशी गेल्या. वेळ दुपारच्या जेवणाची. येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य. सबंध दफ्तरात त्या थंड कोठीची पायरी न चढलेला असामी एकच, तो बडेबाबू. ते आपल्या उकाड्यात, आपल्या कपाटांच्या पहाऱ्यात, मेजावर एक कागद अंथरून त्यावर ज्वारीची भाकर आणि पिठले खात बसले होते. बाई काय बोलावे ते ठरवून आल्या होत्या, परंतु कागद पाहून त्या विसरल्या आणि भलतेच विचारून गेल्या.

"बडेबाबू, हा कागद कोणता जी?"

"कार्बनची नक्कल व्हय. गेल्या सालच्या बारदानाच्या पत्राची."

"तिच्यावर पिठलं सांडून राहिलं नं. समितीची मंजुरी घेतली काय?"

बडेबाबूंनी वर पाहिले. "नकलेले काय मंजुरी लागते वं? अस्सल कपाटात हाय. नकला फाडाच्या, नाई तं जेवाले घ्याच्या. बाविसावं कलम हाय तसं. मीच लिवलं."

"मंग यंत्रात साहेबाच्या फर्मानाचं अस्सल एकच हाय, बडेबाबू. बाकी हजारो नकलाच होत."

बडेबाबूंचा घास हातातच राहिला. कलम त्यांचे, अक्षर त्यांचे, आणि पिठलेही त्यांचेच. पळण्यास वाट कोठेच नव्हती. मग त्यांनी घास खाली ठेविला आणि जे बोलले ते फर्मानाच्या भाषेत नव्हते. "पुसून टाक वं पोरी, मी कोन नाई म्हनाले. पन तुहं यंत्र कागद बी घेते, पोचवते बी, अन् पुसते बी. मंग म्या इथं कायचं बसाव? मले सांग."

आजवर बाईंनी बडेबाबूंस किल्ल्याबाहेरचा गनीम समजले होते, आणि आता पाहतात तो हा मनुष्यही आपल्यासारखाच, नेमणूक टिकेल की नाही या धास्तीत भाकर खात आहे. बाईंस त्यांची कीव आली, आणि स्वतःची थोडी लाजही वाटली. मग त्या समोरच्या बाकावर बसल्या आणि दोघांनी मिळून तह ठरविला.

तहाची कलमे ऐसी, की फर्मान यंत्राने पोचवावे, परंतु 'पाहिले' यंत्रावर कोणी लिहू नये. ज्याने पाहिले त्याने दुसऱ्या मजल्यावर येऊन बडेबाबूंच्या वहीत शाईने सही करावी, तरच पाहिले असे धरावे. यंत्रातील अस्सल एक ठेवून नकला पुसाव्या, आणि पुसतेसमयी बडेबाबूंनी जातीने हजर राहावे. मग तहावर दोन्ही पक्षांनी सह्या केल्या आणि साहेबांची सही आणण्यास देवाजी धावत गेला, तो यंत्र आल्यापासून प्रथमच काही घेऊन धावला, त्यामुळे त्याचाही चेहरा उजळला. साहेबांनी न वाचता सही केली.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी बडेबाबू टोपी नीट करून यंत्रकक्षात शिरले. थंड वारा लागताच ते क्षणभर थबकले, आणि गंभीरपणे म्हणाले की बाहेर उगाच रांग लागत नव्हती. मग बाईंनी आज्ञा दिली आणि आकडा उतरू लागला. एकतीस हजार, बावीस हजार, नऊ हजार. बडेबाबू काचेकडे टक लावून पाहत होते. त्यांनी विचारले, "गेलं?" बाई म्हणाल्या, "गेलं जी." ते म्हणाले, "आवाज बी नाई करत."

जागा मोकळी जाहली, काचा पुन्हा हालू लागल्या. दुसऱ्या दिवसापासून यंत्रकक्षापुढील रांग संपली आणि दुसऱ्या मजल्यावर, उकाड्यात, बडेबाबूंच्या वहीपुढे लागली, आणि तेथे उभे राहणे कोणास परवडेना, सबब परिपत्रके काढण्याची हौसच निम्म्यावर आली. मग सव्विसावा दिवस गेला, अठ्ठाविसावा गेला, आणि ज्येष्ठ मासी तिसावा दिवसही गेला. यंत्र पडले नाही. ताराचंदजी स्कूटरवरून आले, त्यांनी दाखल्यावर सही केली आणि कंपनीच्या यंत्राच्या मजबुतीविषयी दोन शब्द बोलून चहा घेतला. बाईंनी त्यांस काही सांगितले नाही.

मग रुपरावजी साहेबांनी हुकूम सोडला, की पुष्पलता सोनकुसरे यांची हंगामी नेमणूक रद्द करून त्यांस यंत्रचालक पदावर सेवेत कायम केले असे. तो हुकूम यंत्रावरूनच आला, बाईंच्याच काचेवर, हिरव्या अक्षरांत. बाईंनी तो तीनदा वाचला. देवाजी दारातून म्हणाला, "बाई, पेढे लागतीन आता." बाई हसल्या, आणि मग काही विचार मनी येऊन त्यांचे हसू गेले. चार वर्षे ज्याची वाट पाहिली ते समोर होते, आणि ते कोठे होते ते त्यांच्याइतके दफ्तरात कोणासच ठाऊक नव्हते.

त्यांनी साहेबांकडे जाऊन हुकूम टंकून घेतला, सही घेतली, आणि तो घेऊन त्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि बडेबाबूंच्या मेजावर ठेविला.

बडेबाबूंनी चष्मा लाविला. "काहून वं? तुह्या काचेवर आलं नं हे?"

"आलं जी. पण काचेवरचं कसं जाते ते आपण दोघाईनं पायलं. शिक्का मारून द्या, बडेबाबू."

बडेबाबूंनी जावक वही उघडली, क्रमांक घातला, शाईची गादी दोनदा दाबली आणि शिक्का ऐसा मारिला की मेजावरचा पाण्याचा गडू हालला. मग दुसरी प्रत काढून तीवरही मारिला, आणि ती नक्कल म्हणून नव्हे, तर अस्सलच म्हणून, कायम जतन करावयाच्या 'अ' वर्गाच्या कपाटात, आपल्या हाताने ठेविली. बाईंचे डोळे भरून आले, ते त्यांनी पदरास टिपले आणि कागद दोन्ही हातांनी घेतला.

येणेप्रमाणे यंत्र नागपुरी राहिले, बाई यंत्रापाशी राहिल्या, बडेबाबू वहीपाशी राहिले आणि मोहीम फत्ते जाहली. सदर हुकूम दुसऱ्या मजल्यावरील 'अ' कपाटात तिसऱ्या फळीवर आहे. ज्यास पाहणे असेल त्याने वहीत सही करून पाहावा.